‘रिनाउन’ नौकेच्या दोन कैफियती

सप्टेंबर १९१६ मध्ये ब्रिटिश आरमारात दाखल झालेली आणि १९४८ साली स्कॉटलंडमधील फास्लेनच्या किनाऱ्यावर मोडीत निघालेली ‘रिनाउन’ ही बॅटलक्रूझर, म्हणजे थोरल्या युद्धनौकेच्या तोफा आणि क्रूझरचा वेग एकत्र साधण्यासाठी पोलादी कवचाचा भार मुद्दाम कमी ठेवलेली नौका, दोन महायुद्धांतून तरून निघाली. आणि तरीही तिच्या चाकरीविषयी जे काही लिहिले गेले ते बहुतांशी इंग्रजी आरमाराच्या दप्तरावरून लिहिले गेल्यामुळे, ज्या मुंबई बंदरात ती एकदा मोठ्या इतमामाने येऊन उभी राहिली, त्या बंदराची बाजू त्यात अभावानेच आढळते.

ही उणीव मला प्रथम जाणवली ती दोन वृद्ध स्नेह्यांच्या वादातून. ठाणे खाडीच्या पूर्वेस, सिडकोच्या सेक्टरांनी चहूबाजूंनी वेढलेल्या बोनकोडे गावठाणात, जिथे दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत भातशेती, मिठागर आणि खाडीतली मासळी हाच प्रपंचाचा आधार होता, तिथले मूळ रहिवासी असलेले तात्या हे मुंबईच्या नौदल गोदीत फिटर म्हणून उभी हयात घालवून निवृत्त झालेले. आणि गिरगावातून इकडे येऊन गावठाणाला लागूनच बिऱ्हाड थाटलेले गुरुजी हे माध्यमिक शाळेत इतिहास शिकवून सेवामुक्त झालेले. दोघांचेही वाचन दांडगे, दोघांचाही परस्परांविषयीचा आदर निरपवाद, आणि मते मात्र सहसा जुळत नाहीत. त्या दिवशीच्या त्यांच्या संभाषणाचा जो भाग माझ्या स्मरणात पक्का राहिला तो येथे मांडतो.

तात्यांनी प्रारंभ नौकेच्या जन्मापासून केला. “गुरुजी, कोणत्याही जहाजाचा न्याय करायचा तर आधी ते कोणत्या घाईत, कोणाच्या हट्टाने आणि काय गमावून बांधले गेले हे पाहिले पाहिजे. ‘रिनाउन’ मुळात संथ चालीची, जाड कवचाची युद्धनौका म्हणून मंजूर झालेली. पण १९१४ च्या डिसेंबरात फॉकलंड बेटांजवळ दोन बॅटलक्रूझरांनी जर्मन सेनापती श्पे ह्याचा काफिला बुडवला, आणि ब्रिटिश आरमाराचा प्रमुख, वृद्ध ॲडमिरल फिशर, ज्याचा वेग हेच कवच ह्या सिद्धांतावर आंधळा म्हणावा इतका विश्वास होता, त्याने त्याच महिन्यात जुना आराखडा फिरवला. २५ जानेवारी १९१५ ला, म्हणजे फिशरच्याच जन्मदिवशी, ग्लासगोजवळच्या गोव्हन येथील फेअरफिल्डच्या कारखान्यात कणा घातला गेला. पंधरा इंची तोफा सहा, टर्बाइनांची शक्ती सव्वा लाख अश्वशक्तीच्या आसपास, वेग बत्तीस नॉट. आणि कुशीवरचे कवच अवघे सहा इंच! तीस हजार टनांच्या घरातले हे काम वीस महिन्यांत उभे राहिले. ज्याने गोदीत एखाद्या फ्रिगेटची नुसती दुरुस्ती वर्षभर लांबलेली पाहिली आहे, त्याला ह्या आकड्याची किंमत कळते.”

“आणि त्या सहा इंचांची किंमत?” गुरुजींनी विचारले.

“तीही कळते. ३१ मे १९१६ ला जटलंडच्या संग्रामात तीन ब्रिटिश बॅटलक्रूझर दारूगोळ्याच्या कोठारांत स्फोट होऊन फुटल्या आणि तीन हजारांवर माणसे बुडाली. त्यानंतर चारच महिन्यांनी ‘रिनाउन’ दाखल झाली, ती लागलीच पुन्हा गोदीत गेली, कवचाचे पत्रे वाढवायला. तिची आणि तिची भगिनी ‘रिपल्स’ हिची गोदीवारी इतकी वाढली की आरमारी लोकांनी दोघींना डागडुजीवरून टोपणनावे पाडली. पहिल्या महायुद्धात तिच्या हातून नाव घेण्याजोगी लढाई झालीच नाही. पण जे पोलाद चुकीच्या तत्त्वावर बांधले गेले ते कामगारांनी, इंजिनिअरांनी वर्षानुवर्षे सुधारत नेले, ही गोष्ट मला एखाद्या विजयापेक्षा मोठी वाटते.”

गुरुजी काही वेळ स्तब्ध राहिले आणि मग म्हणाले, “तात्या, आपण नौकेचा जन्म गोव्हनला धरता, मी तो १७ नोव्हेंबर १९२१ ला अपोलो बंदरावर धरतो, कारण आपल्या मुलखापुरती ती त्या दिवशी जन्मली. १९०५ साली तेव्हाचे युवराज, पुढचे पंचम जॉर्ज, मुंबईस आले ते ‘रिनाउन’ ह्याच नावाच्या जुन्या नौकेतून. सोळा वर्षांनी त्यांचे चिरंजीव एडवर्ड आले ते ह्या नव्या ‘रिनाउन’मधून. नाव तेच, हुद्दा तोच, बंदर तेच. राज्यसंस्थेला आपले सातत्य रयतेच्या मनावर ठसवायचे असते तेव्हा ती अशीच पुनरावृत्ती योजते. गेटवे ऑफ इंडियाची इमारत तेव्हा पुरती व्हायची होती. ती खुली झाली १९२४ च्या डिसेंबरात. त्या अपुऱ्या कमानीसमोर ही नौका उभी राहिली. तिच्यावरची काही तोफांची ठाणी युवराजांच्या प्रवासांसाठी काढून तिथे खेळाची नि करमणुकीची सोय केलेली होती, असे आपणच मला मागे सांगितलेत. म्हणजे तोफ डागण्यासाठी ती आलीच नव्हती. ती दिसण्यासाठी आली होती.”

“दिसणे हाही आरमाराचा एक धर्मच आहे, गुरुजी.”

“तेच तर माझे म्हणणे! आणि ह्या दर्शनाचे मोल मुंबईने काय दिले? काँग्रेसने बहिष्कार पुकारलेला. एकीकडे बंदरावर सलामीच्या तोफा, आणि दुसरीकडे परळ भागात गांधीजींच्या उपस्थितीत विलायती कापडाची होळी. त्याच दिवशी दुपारपर्यंत शहरात दंगल उसळली. स्वागताला गेलेले पारशी, ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन लोक रस्त्यांत अडवून मारले गेले, विलायती टोप्या हिसकावल्या गेल्या, ट्रामगाड्या फोडल्या, दारूची दुकाने जाळली. मग उलट बाजूने खादीची टोपी घालणाऱ्यांवर हल्ले सुरू झाले. चार-पाच दिवसांत पन्नासांहून अधिक माणसे मेली, शेकडो जखमी झाली. गांधीजींनी १९ तारखेस उपोषण आरंभिले ते शहर शांत झाल्यावर २२ तारखेस सोडले, आणि बार्डोलीचा ठरलेला कायदेभंग पुढे ढकलला. चौरीचौऱ्याने आंदोलन थांबवले हे आपण मुलांना शिकवतो. पण त्याआधी अडीच महिने मुंबईने त्यांचे पाऊल अडखळवले होते, हे शिकवत नाही. ‘रिनाउन’ने एकही गोळा न डागता हे घडले.”

येथे तात्यांनी जो आक्षेप घेतला तो मला आजही बिनतोड वाटतो. ते म्हणाले, “दंगल नौकेने केली नाही, माणसांनी माणसांना मारले, आणि मारले गेले ते आपलेच शेजारी होते. त्याचा दोष समुद्रात उभ्या असलेल्या पोलादावर ढकलून आपण आपली जबाबदारी हलकी करू नये. आणि दुसरी गोष्ट. त्याच दौऱ्यात, १९ नोव्हेंबरला, म्हणजे गांधीजी मुंबईत अन्न वर्ज्य करून बसले त्याच दिवशी, ह्याच युवराजांच्या हस्ते पुण्यात शिवछत्रपतींच्या स्मारकाची कोनशिला बसली. आणि त्यांना तिथे आणण्याचा आग्रह कोणाचा? कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा. ज्या राजाने आपल्या संस्थानात मागासलेल्या जातींसाठी निम्म्या नोकऱ्या राखून ठेवल्या, त्याला ह्या आगमनात आपल्या लोकांचे हित दिसत होते. मग ह्या नौकेने महाराष्ट्रात गुलामीच आणली, एवढेच लिहून कैफियत पुरी होते का?”

गुरुजींनी हा प्रश्न टाळला नाही, आणि ह्यासाठी मी त्यांचा ऋणी आहे, कारण मराठी इतिहासलेखनात हा प्रश्न टाळण्याचीच रीत अधिक आहे. “नाही होत,” ते म्हणाले. “शाहू महाराजांच्या दृष्टीने पाहिले, तर पुण्यातील ज्या वर्गाच्या हाती राष्ट्रीय चळवळीचे नेतृत्व होते, त्याच वर्गाने त्यांचा वेदोक्ताचा, म्हणजे वेदमंत्रांनी धर्मविधी करवून घेण्याचा, अधिकार नाकारलेला, तेव्हा दूरच्या राजसत्तेचा आधार घेऊन जवळच्या वर्चस्वाशी झुंजणे त्यांना न्याय्य वाटले असेल, तर त्यांना देशद्रोही म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. महायुद्धात मराठा पलटणींनी रक्त सांडलेले, त्याची पोच सम्राटाच्या वारसाने शिवरायांच्या नावाने द्यावी, ही मागणीही स्वाभिमानाचीच होती. पुढे सहा महिनेही लोटले नाहीत तो, मे १९२२ मध्ये, महाराज मुंबईतच वारले. आणि पुतळा उभा राहिला १९२८ साली, अलिबागजवळच्या सासवण्याच्या विनायकराव करमरकरांनी घडवलेला. कोनशिला बसवणाऱ्याचे नाव आज किती जणांना ठाऊक आहे? पुतळा मात्र पुण्याचा झाला. मी इतकेच म्हणतो, की एकाच आठवड्यात एकाच पाहुण्यापुढे मुंबईने पाठ फिरवली आणि पुण्यातल्या एका मोठ्या समाजाने हात जोडले, ह्या दोन्ही गोष्टी ‘रिनाउन’च्या चरित्रात असल्या पाहिजेत. इंग्रजी चरित्रात दोन्ही नसतात. तिथे युवराज हिंदुस्थान आणि जपानला जाऊन आले, एवढीच ओळ सापडते.”

मला स्वतःला असे वाटते की, त्या नोव्हेंबरातील पाच दिवसांवर मराठीत एक स्वतंत्र, निःपक्षपाती ग्रंथ व्हावयास हवा होता. पारशी घरांतल्या आठवणी, गिरणगावातल्या आठवणी आणि कोल्हापूरच्या दफ्तरातील कागद एकत्र ठेवून लिहिलेला. असो. संभाषण पुढे गेले.

“परतीची तारीखही ऐका,” गुरुजी म्हणाले. “युवराजांनी १७ मार्च १९२२ रोजी कराचीहून ‘रिनाउन’मध्ये बसून हिंदुस्थान सोडला, आणि दुसऱ्या दिवशी, १८ मार्चला, अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची सजा झाली, ते येरवड्याच्या तुरुंगात आले. पाहुणा किनाऱ्यावर असेतो शिक्षेचा हुकूम वाचला गेला नाही.”

तात्यांनी ह्या योगायोगावर फार भार देऊ नये असे सुचवले, कारण अटक तर युवराज देशात असतानाच, १० मार्चला, झालेली. आणि मग त्यांनी विषय दुसऱ्या महायुद्धाकडे वळवला. ह्या भागात त्यांचा आवाज चढला. “१९३६ ते १९३९ ह्या तीन वर्षांत तिचे अंतरंग जवळजवळ नवे केले: बेचाळीस जुने बॉयलर काढून आठ नवे बसवले, आणि जे वजन वाचले ते कवचात आणि विमानवेधी तोफांत घातले. ह्याचे फळ ९ एप्रिल १९४० ला दिसले. नॉर्वेच्या लोफोटेन बेटांजवळ, हिमवर्षावात, उसळत्या समुद्रात, ह्या पंचविशीकडे झुकलेल्या नौकेने ‘शार्नहोर्स्ट’ आणि ‘ग्नायझेनाउ’ ह्या दोन नव्या जर्मन नौकांना गाठले. त्यांच्या मिळून अठरा मोठ्या तोफा, हिच्या सहा. ‘ग्नायझेनाउ’वर हिचे गोळे बसले आणि दोन्ही नौका माघारी वळल्या. पुढे जिब्राल्टरला ठाणे, जेनोआवरील भडिमार, ‘बिस्मार्क’चा पाठलाग, माल्टाच्या काफिल्यांची राखण. तिची भगिनी ‘रिपल्स’ १० डिसेंबर १९४१ ला मलायाच्या किनाऱ्याजवळ जपानी विमानांनी बुडवली. सोबतची युद्धनौकाही बुडाली, तिचे नाव ‘प्रिन्स ऑफ वेल्स’. दोन्ही मिळून आठशेंवर खलाशी गेले. तिसरी बॅटलक्रूझर ‘हुड’ जर्मनांच्या गोळ्याने त्याआधीच फुटलेली. महायुद्ध सुरू होताना ब्रिटनपाशी तीन बॅटलक्रूझर होत्या, उरली ही एकटी.”

“आणि १९४४ साली ती हिंदी महासागरात आली,” गुरुजी म्हणाले. “इथे मला थांबायचे आहे. ३० डिसेंबर १९४३ ला सुभाषबाबूंनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला. त्याला चार महिने होतात न होतात तो, एप्रिल संपून मे लागताना, ‘रिनाउन’च्या तोफांनी त्याच पोर्ट ब्लेअरवर मारा केला. एकेक गोळा सुमारे ८८० किलो वजनाचा! ज्या बंदराच्या काठावरील कारागृहात सावरकर बंधूंनी दहा-अकरा वर्षे काढली, ते बंदर. १९२१ मध्ये जी दिसण्यासाठी आली होती, तिने १९४४ मध्ये हिंदी भूमीवर तोफ डागली. ह्याचे समर्थन आपण करणार काय?”

“करणार,” तात्या निश्चयाने म्हणाले. “कारण तेव्हा अंदमानावर अंमल तिरंग्याचा नव्हता, जपानी फौजेचा होता. दिवाणसिंग कालेपानी नावाचे डॉक्टर, रुग्णांची नि शाळेची सेवा करणारे, त्यांचा जपान्यांनी इतका छळ केला की १९४४ च्या जानेवारीत ते प्राणास मुकले. त्याच महिन्याच्या ३० तारखेस होम्फ्रेगंजला चव्वेचाळीस हिंदी माणसे हेरगिरीच्या खोट्या आरोपावरून गोळ्या घालून मारली. झेंडा लागून एक महिना झाला होता. त्या फौजेच्या ठाण्यांवर कोणाचीही तोफ चालली, तरी मी तिला हिंदुस्थानावरचा हल्ला म्हणणार नाही.”

गुरुजी ह्यावर संतापले नाहीत, पण खिन्न झाले. “त्या चव्वेचाळीस जणांत बहुतेक सुभाषबाबूंच्याच पक्षाची, इंडियन इंडिपेंडन्स लीगची माणसे होती, हे दुःख मीही विसरलेलो नाही. तरी विचारतो, ह्या भडिमाराने बेटांची सुटका झाली का? जपानी फौज तिथे शरण आली ती १९४५ च्या ऑक्टोबरात. मधल्या काळात रसदेच्या वाटा तुटलेल्या, लोक उपाशी, आणि जपानी अधिकारी आपल्या फौजेचे धान्य वाचावे म्हणून लोकांना निर्जन बेटांवर नेऊन समुद्रात सोडत होते. दोन साम्राज्यांच्या मध्ये ती रयत सापडली. आरमाराच्या रोजकीर्दीत लक्ष्य म्हणून बंदर लिहिले जाते. बंदरात राहणारा लिहिला जात नाही.”

“हे खरे आहे,” तात्या म्हणाले.

मग गुरुजींनी जो मुद्दा काढला तो माझ्या मते त्या दिवसाच्या चर्चेतील सर्वांत महत्त्वाचा. “आपण बॉयलरांचा उल्लेख केलात. ते कोळशावर नव्हते, तेलावर होते. आरमार तेलावर चालवायचे म्हणून ब्रिटिश सरकारने १९१४ साली अँग्लो-पर्शियन कंपनीत बहुमताचा वाटा खरीदला. आणि आबादानचा तेलाचा कारखाना सुरक्षित राहावा म्हणून त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मेसोपोटेमियाच्या मुखाशी फौज उतरवली, ती कोणती? सहावी पूना डिव्हिजन. ती मोहीम तेलापासून निघाली आणि महत्त्वाकांक्षेच्या भरात बगदादकडे धावली. २९ एप्रिल १९१६ ला कुत-अल-अमारा येथे सुमारे तेरा हजारांची फौज तुर्कांना शरण गेली. तीत मराठा पलटणी होत्या. ‘रिनाउन’चे जलावतरण झाले ते त्याच वर्षी ४ मार्चला. गोव्हनला नौका पाण्यात सरकत होती तेव्हा आपली माणसे तैग्रिसच्या काठी वेढ्यात घोड्याचे मांस खावे की न खावे ह्या धर्मसंकटात उपाशी होती.”

“एक दुरुस्ती करतो, गुरुजी,” तात्या सावकाश बोलले. “त्या युद्धात ब्रिटिश आरमाराने जाळलेले बरेचसे तेल अमेरिकेकडून आले. ह्या नौकेच्या भट्टीत आबादानचे तेल जळले आणि म्हणून आपली माणसे मेली, असा सरळ हिशेब मांडता येणार नाही. पण तेलाचे धोरण एकच होते, आणि त्या धोरणाने नौका तेलावर आल्या, पलटणी वाळवंटात गेल्या, हे मी मान्य करतो. आणि मान्य करतो म्हणूनच सांगतो, की जहाजाचा इतिहास कप्तानांच्या यादीने पुरा होत नाही. तेल वाहणारी, धान्य वाहणारी, फौज वाहणारी व्यापारी जहाजे ज्यांनी चालवली, त्यांत हिंदी खलाशी आणि भट्टीवाले हजारोंनी होते. आपल्या रत्नागिरीचे, कुलाब्याचे, गोव्याचे. पहिल्या महायुद्धात गेलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचे स्मारक मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये आहे. त्यांना कबर नाही, चिता नाही, फक्त समुद्र.”

पुढचा भाग दोघांनीही झपाट्याने आटोपला. २ ऑगस्ट १९४५ ला प्लिमथच्या बंदरात ‘रिनाउन’वर सहावे जॉर्ज आणि अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन ह्यांची भेट झाली, चार दिवसांनी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत ‘तलवार’ ठाण्यावरून हिंदी नाविकांचा उठाव पेटला, तेव्हा त्यांना धाक घालण्यासाठी ‘ग्लासगो’ ही क्रूझर मुंबईकडे धाडली गेली. ‘रिनाउन’ तोवर कामातून गेलेली होती. उठाव करणारे नाविक ह्याच आरमाराच्या शिस्तीत तयार झालेले, हे तात्यांनी अभिमानाने सांगितले. त्या दिवसांत मुंबईच्या रस्त्यांवर दोनशेंहून अधिक नागरिक गोळीबारात पडले, हे गुरुजींनी. १९४८ साली ती नौका भंगारात गेली, आणि त्याच वर्षी ‘अकिलिस’ ही जुनी ब्रिटिश क्रूझर स्वतंत्र भारताने विकत घेऊन ‘दिल्ली’ ह्या नावाने आपल्या आरमारात आणली. ती १९७८ पर्यंत चाकरीत राहिली.

दोघांपैकी कोणाचे म्हणणे ग्राह्य धरावे, हे मला विचाराल तर पोर्ट ब्लेअरच्या प्रश्नात मी तात्यांच्या बाजूचा आहे, कारण जुलमी सत्तेचा झेंडा कोणता हे पाहून जुलमाचे माप बदलता येत नाही. १९२१ च्या प्रश्नात मी गुरुजींच्या बाजूचा आहे, कारण न डागलेल्या तोफेनेही राज्य चालते. आणि तेलाच्या प्रश्नात दोघेही अखेर एकाच ठिकाणी येऊन पोहोचले, तिथेच मीही उभा आहे. ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग ह्या जिल्ह्यांतील ज्या घरांत आजोबा-पणजोबांची जहाजी नोकरीची नोंदपुस्तके, पलटणीचे दाखले, मेसोपोटेमियाहून आलेली पत्रे अथवा १९४६ च्या उठावानंतर मिळालेले बडतर्फीचे कागद ट्रंकेत पडून असतील, त्यांनी ती रद्दीत जाऊ देऊ नयेत. त्यांच्या नकला करून मुंबईच्या राज्य अभिलेखागारात किंवा जवळच्या जिल्हा ग्रंथालयात द्याव्यात, एवढी माझी वाचकांना विनंती आहे.